गेटवर ठेवलेला डबा

हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस लगेच उपदेशक होतो. गेल्या आठ महिन्यांत मी असे चार-पाच पाहिले. छातीवरचे टाके वाळायच्या आत त्यांना जगाला पाणी कधी प्यायचं ते शिकवायचं असतं. बागेतल्या बाकावर बसून ते काकडीचे गुण सांगतात, आणि आधीची वीस वर्षं संध्याकाळी कुठं बसत होते ते सांगत नाहीत.

मला तसलं लिहायचं नाही. माझं वय बहात्तर. पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी पस्तीस वर्षं लेथवर लोखंड कापणारा टर्नर होतो. छातीतल्या तीन रक्तवाहिन्या बुजल्या, डॉक्टरांनी पायातली शीर काढून त्यांना वळसा घातला, मी वाचलो. यात माझं कर्तृत्व काही नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. माझा धाकटा भाऊ विलास याच दुखण्यानं त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या मरणाबद्दल आमच्या घरात जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि ते खोटं जपण्याचं काम बावीस वर्षं मी केलं. त्यावर विसंबून विलासचा मुलगा अमोल स्वतःच्या जिवाशी खेळत होता. म्हणून हे कागदावर आणतो आहे.

दाढदुखी

शनिवारी सकाळी मी आणि माझी बायको कुसुम आकुर्डीच्या मंडईत गेलो होतो. पिशवीत कोबी, दुधी आणि चार किलो कांदे. परत येताना जबडा दुखायला लागला. मग डावा खांदा. मी टपरीवर थांबून सोडा प्यायलो. पित्त, दुसरं काय! सोडा प्यायल्यावर ढेकर आली आणि मला वाटलं, निदान बरोबर निघालं. स्वतःच्या देहाबद्दल माणूस किती अडाणी असू शकतो, याचा मी चालताबोलता नमुना.

"दाढ दुखतेय," मी कुसुमला म्हणालो.

"दाढ दुखल्यावर शर्ट भिजतो व्हय?" ती म्हणाली, आणि कांद्याची पिशवी तिथंच टपरीवर ठेवून तिनं रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. तरुण डॉक्टरनं पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, "काका, दारापासून इथपर्यंत चालत आलात?"

"हो."

"आता चालायचं नाही."

संध्याकाळी अँजिओग्राफी झाली. पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी दिसत होतं आणि तीन ठिकाणी फांदी दोऱ्याएवढी झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हा त्रास होता?"

"धाकटा भाऊ गेला. वडीलही छातीत कळ येऊनच गेले."

"म्हणजे घराण्यात आहे."

मी त्या थंड टेबलावर पडलो होतो आणि मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितो. मरणाची भीती होती, तरी 'घराण्यात आहे' हे ऐकून मनातून हलकं वाटलं. रक्ताला कुणी जाब विचारत नाही. बावीस वर्षं मी त्याच आडोशाला बसलो होतो.

भेटायला येणारे

ऑपरेशनचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपलो होतो. जाग आल्यावरचं सांगतो. घशात नळी, बोलता येत नाही, आणि छातीवर कुणीतरी लोखंडी पेटी ठेवली आहे असं वाटतं. दोन दिवसांनी एक उशी देतात. ती छातीला घट्ट कवटाळून खोकायचं. मग तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात. त्यातून श्वास आत ओढून गोळ्या वर चढवायच्या. पस्तीस वर्षं लोखंड कापलेल्या माणसाला पहिली गोळीसुद्धा हलत नव्हती. शेजारच्या खाटेवरचा माणूस तीन गोळ्या चढवून माझ्याकडे बघायचा. आजारपणातही माणसाला मिरवायचं असतं.

पहाटे अंग पुसणं, पाणी मोजून, लघवी मोजून. वॉर्डातल्या मावशींनी एकदा न सांगता माझे केस विंचरले. तेवढ्यानं मला रडू आलं. ती लाज मी गोळ्यांच्या यंत्रामागं लपवली.

पाचव्या दिवसापासून भेटणारे सुरू झाले. त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. एकानं आलं-लसूण-लिंबाचा काढा आणला. त्यानं म्हणे त्याच्या साडूचं ऑपरेशनच टळलं. दुसऱ्यानं अर्जुनाची साल आणली. तिसऱ्यानं मोबाइलवर एक माणूस दाखवला, जो भगवे कपडे घालून घाण्याचं तेल विकत होता. यातल्या एकानंही कुसुमला विचारलं नाही, की बाई, तुम्ही जेवलात का? ती पाच दिवस बिस्किटांवर होती.

शेवटी माझा जुना कंपनीतला सोबती गुलाब आला. युनियनमध्ये आम्ही बरोबर होतो. हातात फरसाणची पिशवी.

"आप्पा, हे काय राव! वाघ आडवा झाला." तो खाटेच्या कडेवर बसला. "खा थोडं. एवढ्यानं काय होतंय. आपल्या कँटीनची भजी पचवलेली माणसं आपण."

तेव्हा अमोल पायाशी उभा होता. त्याला पाहून गुलाबला चेव आला. "तुझ्या ह्या काकानं कामगारांना जिलेबी खाऊ घातली, बाळा. सगळ्या पिंपरीत असं कँटीन नव्हतं."

"सांगतात घरी," अमोल हसला.

गुलाबला सगळं माहीत होतं. तो पुढं बोलला असता तर? मी डोळे मिटून घेतले आणि झोप आल्याचं सोंग केलं. बहात्तराव्या वर्षी, छाती फाडून शिवलेली असतानासुद्धा मला सोंग करता आलं.

अमोल

अमोल चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. वय चाळीस, दोन मुली. आई मंदा, म्हणजे विलासची बायको, त्याच्याकडेच असते, भोसरीला. मनानं चांगला आहे, माझ्या ऑपरेशनला रजा टाकून आला. पण एक पाहिलं. लिफ्ट बंद होती म्हणून तो तीन जिने चढून आला, आणि वॉर्डाच्या दारात भिंतीला हात लावून उभा राहिला. चाळिशीचा माणूस. कपाळाला घाम. मला तो घाम ओळखीचा होता.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा म्हणाले, "यांच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्या. तुम्ही पुतणे ना? वडील कशानं गेले?"

"ह्यानंच."

"मग तुम्ही तर आधी करा."

"करतो," अमोल म्हणाला. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडे वळला. "कशाला करायचं, आप्पा? कंपनीच्या मेडिकलमध्ये आलंय सगळं लाल अक्षरात. कागद आहे ड्रॉवरमध्ये."

"मग दाखवला नाहीस?"

"दाखवून काय? हे सोड, ते सोड सांगणार. बाबांनी सोडलं नव्हतं का? दोन वर्षं आईनं भाकरी, पालेभाजी, उसळ दिली. तेलाचा थेंब नाही. कंपनीत सगळे कँटीनला जेवायचे तेव्हा बाबा डबा खायचे. काय झालं? गेलेच ना? आपलं रक्तच तसलं आहे. मग मी चौकातली मिसळ सोडून का मरू? खाऊन मरतो."

हे तो हसत म्हणाला. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी यंत्र तोंडाला लावलं आणि गोळी वर ओढत बसलो.

नाझनीन

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आहाराबद्दल सांगायला एक मुलगी आली. नाझनीन शेख. दापोडीची, वडील गॅरेजवाले. माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी मनात म्हटलं, आता ही मला मुळा खायला सांगणार. मी तिच्याशी तुच्छतेनंच बोललो.

"काय खायचं नाही तेवढं सांग. बाकी मी बघतो."

"काका, आधी काय झालंय ते सांगू का?"

"नळ्या बुजल्यात. कचरा साचलाय. माहीत आहे."

"नुसता कचरा नाही. सूज आहे."

"मला कुठं सूज आहे?"

"आत. रक्तवाहिनीच्या अस्तराला. रोज सारखंसारखं तळलेलं, वनस्पती तूप, मैदा, साखर, वर तंबाखू, यानं ते अस्तर थोडं थोडं दुखावत राहतं. शरीर तिथं दुरुस्तीला माणसं पाठवतं. पण दुखावणं थांबतच नाही, म्हणून दुरुस्तीवाले परत जात नाहीत. तिथंच तळ ठोकतात, चरबी धरून बसतात. वर्षानुवर्षं. बाहेरून काही दिसत नाही."

मी म्हणालो, "आमच्यात ते रक्तातच आहे. खाण्याचा काही संबंध नाही."

ती चिडली नाही. तिनं माझा कागद पाहिला. "टर्नर होतात ना? सीएनसी, ते कॉम्प्युटरवालं मशीन चालवलंय?"

"शेवटची बारा वर्षं."

"मशीनमध्ये प्रोग्रॅम किती असायचे?"

"पन्नास-साठ."

"सगळे एकदम चालायचे?"

"सगळे कसे चालतील? जो लावाल तो."

"जनुकांचंही थोडं तसंच असतं. आईवडिलांकडून जे मिळालं ते मिळालं, ते पुसता येत नाही. पण त्यातलं काय किती चालू राहणार, यावर आपण रोज काय खातो, ओढतो, किती हलतो, याचा परिणाम होतो. डाळी, पालेभाज्या, ज्वारी-बाजरी, जवस, शेंगदाणे, यांनी ती सूज शांत व्हायला मदत होते. सगळं अन्नाच्या हातात नाही हं, काका. काहींना कितीही पथ्य केलं तरी गोळ्या लागतातच. पण सगळं रक्तावर ढकलून मोकळं होणंही खरं नाही."

"मग माझा भाऊ का गेला?" मी जवळजवळ ओरडलो. टाके दुखले.

"ते काय खायचे?"

एवढा साधा प्रश्न. बावीस वर्षांत कुणी मला तो विचारला नव्हता. विलास काय खात होता हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही." ती कागद ठेवून गेली.

कँटीन

मला सगळं आठवतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, कँटीन म्हणजे जेवायची जागा. आमच्याकडे ती विजयाची जागा होती. आधी दोन पोळ्या, पातळ भाजी आणि आमटी मिळायची. युनियननं भांडून ते वाढवून घेतलं. मी कँटीन कमिटीचा सेक्रेटरी होतो. मीच करारात लिहून घेतलं: रोज एक तळलेलं, रोज एक गोड. पुरी, बटाटावडा, भजी. जिलेबी, बुंदी, बालूशाही. ज्यांच्या घरी सणालाच कढई तापायची, त्यांच्या पोटात रोज वनस्पती तूप गेलं की आम्हाला वाटायचं, मालकाकडून काहीतरी हिसकावलं. मालकाला ते स्वस्तात पडत होतं. पालेभाजी निवडायला, डाळी भिजवायला, भाकऱ्या थापायला माणसं लागतात. कढईपुढं एक माणूस पुरतो. हे त्यांना कळत होतं. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आठवड्यातून एकदा मी कँटीनच्या स्वयंपाकघराची तपासणी करायचो. तपासणी म्हणजे रजिस्टरवर 'समाधानकारक' लिहून सही. कंत्राटदार माझ्यासाठी गरम भज्यांची ताटली बाजूला काढून ठेवायचा. कढईतलं तेल कधी फेकलं जायचं नाही, कमी झालं की वरून ओतायचं. त्याचा रंग मी पाहिला होता. माझ्या मशीनच्या गिअरबॉक्समधून त्या रंगाचं तेल निघालं असतं तर सुपरवायझरला बोलावून मी ते तिथल्या तिथं बदलायला लावलं असतं. माणसांच्या पोटात जाणाऱ्या तेलाखाली मी सही केली.

मग नव्या कराराची बोलणी सुरू झाली. मॅनेजमेंटचं म्हणणं, निम्मी माणसं डबे आणतात, मग एवढं कँटीन हवं कशाला? जेवणाच्या सुट्टीत त्यांचा माणूस कँटीनच्या दारात उभा राहून डोकी मोजायचा. त्यावर आम्ही ठरवलं की बोलणी संपेपर्यंत कुणीही डबा आत आणायचा नाही. डबा आणणारा तो फुटीर.

विलास त्याच कंपनीत असेंब्लीला होता. त्याच वर्षी कंपनीच्या डॉक्टरनं त्याची तपासणी करून सांगितलं, तळलेलं आणि गोड बंद, घरचं खा. दुसऱ्या दिवसापासून मंदा पहाटे उठून डबा करू लागली. आम्ही तेव्हा सगळे दापोडीच्या एका चाळीत शेजारी शेजारी राहत होतो. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज भिंतीतून यायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी कँटीनमध्ये गुलाब मोठ्यानं म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, नियम फक्त आम्हालाच का? तुमचा भाऊ बघा तिकडं, शेतावर आल्यासारखा भाकरी मोडतोय."

सगळे हसले. मी विलासच्या टेबलाशी गेलो.

"काय रे, आजारी आहेस?"

"दादा, डॉक्टरनं सांगितलंय. थोडे दिवस."

"डॉक्टर कुणाचा?"

"कंपनीचा."

"मग? त्याला डबेच पाहिजेत. एवढं कळत नाही तुला?"

"मला खरंच ते तेलकट घशाशी येतं, दादा. जिना चढताना दम लागतो."

"मग असं कर, मॅनेजमेंटला लिहून देऊ, सेक्रेटरीच्या भावालाच कँटीन पचत नाही."

पुन्हा हशा. मी त्याचा डबा झाकला, उचलला, आणि सगळ्यांदेखत गेटवर नेऊन वॉचमनकडे दिला. "हा रोज इथं ठेवायचा. साहेबांना सुट्टी झाली की परत." मग स्वतः ताट वाढून आणलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर जिलेबी. "खा. तुमच्यासाठीच भांडतोय."

विलासनं खाल्लं. तो मला कधी नाही म्हणायचा नाही. वडील गेल्यावर मीच त्याला गावाहून इथं आणून कामाला लावलं होतं.

बोलणी चार महिन्यांत संपली. नियम संपला. पण मी त्याला सांगितलं नाही, की बाबा, आता आण तुझा डबा. माझ्या लक्षातच राहिलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे. रोज सकाळी गेटवर त्याचा डबा ठेवलेला मला दिसायचा. मला वाटायचं, आता आण म्हटलं तर मी तेव्हा चुकलो असं होईल. चारचौघांत टाकलेला शब्द मागं घ्यायला मला जड जात होतं.

विलासनंही मंदाला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून असेल, माझं नाव खाली येईल म्हणून असेल. डबा वॉचमन खायचा. संध्याकाळी रिकामा डबा घरी जायचा. मंदा समाधानानं तो घासायची. दोन वर्षं.

रक्त

एका सकाळी पहिल्या पाळीला निघताना विलास बूट घालायला वाकला आणि उठला नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पथ्य करत होते का?"

मंदा म्हणाली, "सगळं करत होते. मीच डबा देत होते."

मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोललो. "डॉक्टर, आमच्या रक्तातच आहे हे."

दहाव्याला वॉचमन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेळकेसाहेब, वहिनींना एकदा सांगायला पाहिजे. मला अन्न गोड लागंना." मी त्याच्या दंडाला धरून त्याला रस्त्यापर्यंत सोडून आलो.

आमची आई तेव्हा होती. ती मंदाला म्हणायची, "पथ्याच्या नावानं उपाशी मारलं माझ्या पोराला. कोरड्या भाकरीवर वाळवलं." पाहुण्यांसमोर म्हणायची, सणाला म्हणायची. आई पुढं आठ वर्षं जगली आणि आठही वर्षं म्हणत राहिली. मी तिथंच बसलेला असायचो.

नाझनीनला मी 'आठवत नाही' म्हणालो, ते हे.

रविवार

घरी आल्यावर चौथ्या आठवड्यात, रविवारी दुपारी अमोल आणि मंदा मला बघायला आले. कुसुमनं चहा ठेवला. अमोलनं माझं ताट पाहिलं. ज्वारीची भाकरी, मेथी, मुगाची उसळ.

"आप्पा, बाबांचं ताट आलं की तुमच्यासमोर," तो म्हणाला. "आता दोन वर्षं मोजायची."

"अमोल," मंदा म्हणाली, "काय बोलतोस."

"खरं तेच बोलतोय. ह्यानं काही होत नाही."

मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी हे खाल्लं नाही."

"म्हणजे?"

"डबा गेटवर राहायचा. विलास कँटीनला जेवायचा. रोज. पुऱ्या, भजी, जिलेबी. मीच त्याला डबा बंद करायला लावला होता."

मग मी सगळं सांगितलं. डोकी मोजणारा माणूस, गुलाब, जिलेबी, वॉचमन. सांगताना माझा आवाज कमिटीच्या मीटिंगमध्ये लागायचा तसा लागला, खणखणीत. मलाच त्याची किळस आली.

मंदानं माझ्या ताटातल्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्यात जवसाची चटणी घालायचे. रोज विचारायचे, कशी झाली. ते रोज म्हणायचे, झकास."

मी ताट बाजूला सरकवलं.

"भावजी, सासूबाई मला बोलायच्या तेव्हा तुम्ही चहा पीत असायचात."

"हो."

"बशीत ओतून. आवाज करत."

"हो."

"मी भाकरी थापायची सोडली. ह्याला म्हटलं, तुला काय खायचं ते खा, बाबा. पथ्यानं माणूस वाचत नाही, मी करून बघितलंय." ती अमोलकडे वळली. "मी करून बघितलंच नव्हतं."

अमोल उभा राहिला. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पथ्य करून बाबा वाचले असते?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. कदाचित गेलेही असते. ते आता कुणालाच कळणार नाही. मी करून बघूच दिलं नाही."

"तुम्हाला बायपास मिळाली, आप्पा. त्यांना निदान भाकरी खाऊ द्यायची होती."

तो आईला घेऊन निघून गेला. चहा तसाच राहिला. कुसुमनं कप उचलले. ती त्या चाळीत भिंतीपलीकडं राहिलेली बाई, मंदाला रडताना तिनं किती वेळा जवळ घेतलं असेल. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र वेळेवर दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आणखी काय लपवलंय का? आत्ताच सांगा. मला पुन्यांदा ऐकवणार न्हाई."

वाचणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी कुणी याच दुखण्यातून जात असेल तर मी तुम्हाला काय खा ते सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरला आणि नाझनीनसारख्या एखाद्या मुलीला विचारा. ते काही गुपित नाही, आणि जो गुपित म्हणून विकतो त्याला दारात उभा करू नका. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही दारात उभा करू नका, जो छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्या घराण्यातच आहे. घराण्यात असेल. पण त्याला विचारा, घराण्यात जेवण काय होतं, आणि ते कुणी वाढलं.

आणि कुणी चारचौघांत डबा उघडून कोरडी भाकरी खात असेल, तर हसू नका. पथ्य करणाऱ्या माणसाला आधीच एकटं वाटत असतं. विलासला एकानं जरी म्हटलं असतं, खा रे, तर त्यानं तो डबा गेटवरून परत आणला असता. मी आता तेलाशिवायच्या भाज्या खातो, रोज अर्धा तास चालतो, गोळ्या घेतो. त्याचा मला अभिमान नाही. बहात्तराव्या वर्षी सक्तीनं शहाणा झालेल्या माणसानं अभिमान कसला धरायचा?

सोमवार

अमोलचा फोन आला नाही. दोन महिने गेले, चार गेले, सहा गेले. मी मंदाला फोन केला, तिनं उचलला नाही. अमोलच्या ड्रॉवरमधला तो लाल अक्षरांचा कागद माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मला माफी नको होती. तो जिवंत राहायला हवा होता, माझ्याशी न बोलता राहिला तरी चाललं असतं. रोज सकाळी कुसुम फोन हातात घ्यायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघायचो.

गेल्या सोमवारी तपासणीसाठी हॉस्पिटलात गेलो. हृदयाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर पंचवीसएक माणसं बसली होती, त्यात कुसुमबरोबर मीही बसलो. समोरच्या रांगेच्या टोकाला मंदा होती. तिच्या शेजारी अमोल, मांडीवर फाइल. थोडा उतरलेला दिसत होता. त्यानं मला पाहिलं. मग समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला.

कुसुम उठायला लागली. मी तिचा हात धरला.

अर्ध्या तासानं नर्स दारात आली आणि तिनं हाक मारली, "शेळके!"

मी उभा राहिलो. समोर तोही उभा राहिला. नर्सनं दोघांकडे पाहिलं, मग हातातला कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.

"अमोल विलास शेळके."

मी खाली बसलो. तो आत गेला.